अर्ध्या भाषणाचे दोन धनी

अल्लीपूरचा प्रेमदास झाडे जिनिंगचा फिटर. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे बिघडले की हिंगणघाटातले जिनवाले आजही त्यालाच बोलावतात. वय पासष्ट. आयुष्यात तो दोनदाच देशाबाहेर गेला, आणि दोन्ही वेळा उत्तर अफगाणिस्तानातल्या एकाच गावी, तिथल्या जिनात पगारी फिटर म्हणून. शहाऐंशी साली गेला तेव्हा तिथं कम्युनिस्टांचं राज्य आणि रशियाची फौज होती. पंचवीस वर्षांनी पुन्हा गेला तेव्हा अमेरिकेची फौज होती. परत आल्यावर दोन्हींबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही, बायकोजवळसुद्धा.

काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि लोकांना एकदम प्रेमदासची आठवण झाली. वाचनालयाच्या सभागृहात त्याचं भाषण ठरलं. ठरवणारे दोघं होते. बाबाराव, जन्मभर लाल झेंडा वाहिलेले युनियनचे पुढारी. मॉस्कोत पाऊस पडला की इथं छत्री उघडणाऱ्यांपैकी शेवटचे. दुसरा योगेंद्र, स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालवणारा. अमेरिकेनं कुठंही बॉम्ब टाकला तरी याला त्यातून लोकशाहीच खाली उतरताना दिसायची.

भाषणाआधी बाबारावांनी त्याला व्हरांड्यात गाठलं. "प्रेमदासभाऊ, अमेरिकेनं कसा सत्यानास केला ते सांगजो. रशियाचं जुनं झालं, ते कायले उकरता?"

ते गेले तसा योगेंद्र आला. "काकाजी, तुम्ही कम्युनिस्टांचंच सांगा. अमेरिकेच्या चुका झाल्या असतील, पण हेतू चांगला होता."

प्रेमदासनं दोघांपुढंही मान डोलावली आणि माइकसमोर जाऊन उभा राहिला.

"शहाऐंशी साली तिथल्या आमच्या जिनात मोठा साहेब पाहाले येनार होता," त्यानं सुरुवात केली. "अन् कापूस कुठं? खेड्यायवर बॉम्ब पडलते, मानसं पळून गेलते. तर पार्टीचा सेक्रेटरी म्हने, बांधलेल्या गाठी फोडा, तीच रुई पुन्हा बांधा. मांगच्या दारानं आनाची, पुढच्या दारानं न्याची. तीन दिवस आमी तेच करून राह्यलतो. भिंतीवर लिवलं होतं, राज्य कामगारायचं हाये. साहेब आला, गाठी पाहून त्यानं टाळ्या वाजवल्या. अन् तिथला फिटर होता करीम, माह्या बरोबरीचा, तो हासला. बस, हासला. चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत जीप आली अन् त्याले घेऊन गेली. त्याचा पत्ता मंग लागलाच नाई."

"ते त्या काळच्या परिस्थितीमुळं होतं, भाऊ!" बाबाराव जागेवरूनच ओरडले. "विचाराचा दोष नाई त्यात!"

"मंग जीप कोनाची होती? परिस्थितीची?"

सभागृह हसलं. योगेंद्र सगळ्यात मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, आपलं काम झालं.

"दुसऱ्यांदा गेलो त अमेरिकेनं नवेकोरे रेचे पाठवलते," प्रेमदास पुढं म्हणाला. "लय चांगले. पन गावात इजेची लाइनच नाई. मंग मोठा जनरेटर आनला, फीत कापली, फोटो काढले, अर्धा तास रेचे फिरवले. दुसऱ्या दिवशी जनरेटर छावनीत नेला. साहेबायच्या खोल्या गरम कराले! त्याच महिन्यात कापूस वेचनाऱ्या लोकायवर हेलिकॉप्टरातून गोळ्या घातल्या. पाच मेले. त्यात करीमचा लहान भाऊ. कंबरेले कापसाची झोळी तशीच बांधलेली. अन् कागदावर काय लिवलं? पाच दहशतवादी ठार."

आता योगेंद्र उठला. "काकाजी, युद्धात असं चुकून होतं."

"चुकून झालं त दहशतवादी कायले लिवलं? चूक लिवाची होती." प्रेमदासचा आवाज चढला. "एक म्हने तुमाले सुखी कराले आलो, दुसरा म्हने मोकळं कराले आलो. बाप्पा, यायले बोलावलं कोनं होतं?"

मागच्या रांगेतून योगेंद्रच्याच वर्गातली काजल नावाची मुलगी उभी राहिली. "काकाजी, करीमले नेलं तेव्हा तुमी काय केलं?"

प्रेमदासनं माइक बाजूला सारला. मग म्हणाला, "रेचा सुरू ठेवला. पगारावर होतो ना. त्याचा भाऊ मेला तेव्हा बंद रेच्याले तेल देत बसलो."

त्यानंतर शाल-नारळाचा समारंभ घाईघाईत उरकला.

दोन दिवसांत दोन व्हिडिओ फिरू लागले. बाबारावांच्या व्हिडिओत फक्त जनरेटर आणि हेलिकॉप्टर, वर मथळा 'साम्राज्यवादाचा साक्षीदार'. योगेंद्रच्या व्हिडिओत फक्त गाठी आणि जीप, वर 'लाल राजवटीचं सत्य'. एकानं करीमला वगळलं, दुसऱ्यानं त्याच्या भावाला. काजलचा प्रश्न दोघांनीही कापला होता.

प्रेमदास आधी बाबारावांकडे गेला. "माहं अर्धं भाषन कुठी गेलं?"

"लोकायले लांबलचक पाहाची सवय नाई ना, भाऊ."

योगेंद्रकडे गेला तर तोही तेच म्हणाला. "तीन मिनिटांच्या वर कोणी पाहत नाही, काकाजी." एरवी कशावरच न पटणाऱ्या या दोघांचं निदान एवढ्यावर तरी एकमत होतं.

"त्यायचा कम्युनिझम अन् तुही लोकशाही, दोन्ही तीन मिनिटांचीच काय रे?" असं म्हणून प्रेमदासनं समारंभातली शाल योगेंद्रच्याच टेबलावर ठेवली आणि निघाला.

घरी बायकोनं, मंदाबाईनं, दोन्ही व्हिडिओ पाहिले होते. शेजारच्या बायकांनी आणून दाखवले होते. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता मले पुरं सांगा."

त्यानं सांगितलं. शेंगा सोलत सोलत सांगितलं. करीमच्या घरच्या रोट्या, त्याच्या अंगणातलं तुतीचं झाड, दोन घरं सोडून राहणारा तो धाकटा भाऊ.  शेवटी तिनं एवढंच विचारलं, "करीमच्या बायकोचं नाव काय होतं?"

प्रेमदासनं आठवून पाहिलं. वर्षभर तो तिच्या हातचं जेवला होता.

"इचारलंच नाई कधी," तो म्हणाला.