पावाच्या गाडीतला दुसरा ब्रेक

मास्तरांनी सव्वीस वर्षांत निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं, पण स्वतः मात्र स्टिअरिंगला हात लावला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सकाळचा पहिला विद्यार्थी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मास्तरांच्या दारातून काढायचा आणि संध्याकाळचा शेवटचा ती परत दारात आणून लावायचा. मास्तर दिवसभर शेजारच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक होता, आणि तो ब्रेक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उजव्या बुटाचा तळ दर दोन महिन्यांनी झिजायचा. चपला-बूट दुरुस्त करणारा त्यांना बघितलं की न विचारता उजवाच बूट मागायचा.

आता गंमत ऐका. ज्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली ब्रेक नाही, त्या गाडीत मास्तर बसत नसत. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला चौदा किलोमीटर सायकल मारत गेले आणि घामाघूम होऊन फोटोत उभे राहिले. बसने जायची वेळ आलीच तर सगळ्यात मागची सीट धरायची आणि तोंडावर वर्तमानपत्र. मग स्वतः का चालवत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. एकदा बसले होते. शेजारी पाहिलं तर सीट रिकामी. ‘बाजूला ब्रेकला कुणीच नाही!’ एवढं मनात आलं आणि दरदरून घाम फुटला. उतरले, गाडीला कुलूप लावलं आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

बायकोला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. लग्न ठरलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, “पुढच्या थंडीत तुला बेटांवर नेतो.” तीन बेटं, तीन फेरीबोटी, आणि शेवटच्या बेटावर दीपगृह. त्या गोष्टीला सव्वीस हिवाळे झाले. कधी गाडीचा क्लच गेला, कधी परीक्षेची तारीख आली, कधी मास्तरांची कंबर धरली. या वर्षी बाईंनी शेंगा सोलता सोलता, आवाज न चढवता सांगितलं, “अहो, या थंडीत मी जाणार. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाहीतर तुमच्याशिवाय.”

आवाज चढवला असता तर मास्तरांनी भांडून घेतलं असतं. शांतपणे म्हटल्यामुळे त्यांचं धाबं दणाणलं.

एकट्याने बायकोला नेण्यापेक्षा घोळका बरा, म्हणून त्यांनी नापास मंडळाची बैठक बोलावली. नापास मंडळ म्हणजे मास्तरांचे लाडके विद्यार्थी, लायसनच्या परीक्षेत तीनदा तरी आपटलेले. अध्यक्ष दातांच्या डॉक्टरीणबाई, सहा वेळा नापास. उपाध्यक्ष बेकरीवाला, चार वेळा आपटून पाचव्यांदा कसाबसा पास. शिवाय डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई, ज्या कधी परीक्षेलाच बसल्या नव्हत्या, पण सुनेला एकटीने मजा करू देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

बैठक मास्तरांच्या पुढच्या खोलीत भरली. फळ्यावर ‘थांबा’, ‘वळा’ अशी चिन्हं होती, ती पुसून मास्तरांनी रस्ता काढला. चारशे दहा किलोमीटर. थंडीत प्रत्येक बोटीच्या दिवसाला दोनच फेऱ्या. सकाळची चुकली तर संध्याकाळपर्यंत धक्क्यावर वारा खात बसा. मास्तरांनी सगळं मिनिटाच्या हिशोबात बसवलं होतं.

“लघवीचा थांबा सात मिनिटं,” मास्तरांनी वाचलं.

“सात मिनिटांत सासूबाईंच्या एका स्वेटरची बटणं निघत नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि त्या तीन घालतात.”

“चार,” सासूबाईंनी दुरुस्ती केली. थांबा अकरा मिनिटांचा झाला.

गाडी बेकरीवाल्याची ठरली. पाव पोचवायची मोठी गाडी, मागे बाकडी बसवली की झालं. सगळं ठरलं, फक्त ‘चालक’ या शब्दापुढची जागा कोरी होती. मास्तर तिथे खडू टेकवायचे आणि उचलायचे.

“आणि एक,” मास्तर घसा खाकरत म्हणाले, “या बोटी छोट्या असतात. गाडी रिव्हर्समध्येच चढवावी लागते.”

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाई सहापैकी पाच वेळा रिव्हर्समध्येच गेल्या होत्या. बेकरीवाला अकरा वर्षं पाव पोचवत होता, पण गोल रस्त्याने, म्हणजे मागे यायलाच नको. चुकून एखादं दुकान मागे राहिलं तर त्या दिवशी त्या दुकानाला पाव नाही!

“मग प्रश्नच मिटला,” बेकरीवाला म्हणाला. “मास्तर चालवतील!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या हातातला खडू मोडला. धुक्याचं काय, टायरचं काय, म्हातारीला समुद्राचा वारा सोसेल का, असं काहीबाही ते बडबडू लागले.

“चालवणारं माणूस मी आणते,” स्वयंपाकघराच्या दारातून बाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त कुठल्या अटीवर बसणार ते सांगा.”

बुडत्याला काडीचा आधार. “माझ्या पायाखाली ब्रेक असेल तर बसेन,” मास्तर घाईघाईने म्हणाले. त्यांना वाटलं, पावाच्या गाडीत दुसरा ब्रेक कोण बसवतंय! पण दोनच दिवसांत गॅरेजवाल्याने बसवला. काळंभोर, जाड रबराचं पेडल. मास्तरांनी दाबून पाहिलं. सुटण्याची शेवटची वाटही बंद झाली.

रविवारी बाजाराच्या रिकाम्या पटांगणात रंगीत तालीम. मास्तरांनी खडूने फेरीबोट आखली आणि आपल्या सीटवर जाऊन बसले. चालकाच्या सीटवर कोण चढलं असेल? बाई! पदर खोचलेला, पायात नवे कॅनव्हासचे बूट.

“अगं, तू कुठे चढतेस? तू तर शिवणाच्या क्लासला जातेस!”

“सहा महिने क्लासला गेले, एक बटण तरी लावलेलं बघितलंत का?”

बेकरीवाल्याने मान खाली घातली. दुपारी पाव पोचवून झाले की त्यानेच शिकवलं होतं. चार वेळा नापास झालेल्या माणसाने! आणि बाई पहिल्या फटक्यात पास.

“मग तुम्हाला मंडळात घेता येणार नाही,” अध्यक्षीणबाई खट्टू होऊन म्हणाल्या.

“पण रिव्हर्स? या बेकरीवाल्याला कुठे येतो रिव्हर्स?” मास्तर ओरडले.

बाईंनी गिअर टाकला आणि पुटपुटू लागल्या, “आरसा बघा. मान वळवा. क्लच अर्धा. घाई कुणाला आहे? बोट पळून जात नाही.” शब्दन् शब्द मास्तरांचा. रोज जेवताना ते दिवसभराच्या विद्यार्थ्यांना ताटावर बसून पुन्हा शिकवायचे, आणि समोर एकच विद्यार्थिनी असायची. गाडी सरळ मागे निघाली. शेवटची रेघ आली तसा मास्तरांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी बरोबर रेघेवर थांबली.

“बघितलंत?” मास्तर छाती फुगवून खाली उतरले. “माझा ब्रेक नसता तर बाई समुद्रात होत्या!”

बाईंनी पदर पुन्हा खोचला. तालीम बघायला आलेला गॅरेजवाला मात्र एकाएकी खोकत लांब गेला.

निघायच्या सकाळी धुकं इतकं की बोनेट दिसेना. पहिल्या धक्क्यापर्यंत नव्वद किलोमीटर, आणि तेवढ्यात मास्तरांनी चाळीस वेळा ब्रेक दाबला. चाळीसही वेळा गाडीने ऐकलं. एकदा तर एक सायकलवाला धुक्यातून असा अचानक आडवा आला की सगळे बाकड्यांवरून घसरून सासूबाईंच्या चार स्वेटरांवर आपटले. सायकलवाला शिट्टी वाजवत निघून गेला. मास्तर खूश होते. गेल्या सव्वीस वर्षांत इतक्या आनंदाने ते कुठेच गेले नव्हते.

बाईंनी गाडी बोटीवर उलटी चढवली, इंजिन बंद केलं. बोट निघाली. थोड्या वेळाने समोरचा धक्का अंगावर येतोय असं मास्तरांना वाटलं आणि त्यांनी सवयीने पाय दाबला. नेमका त्याच क्षणी बोटीचा वेग उतरला.

“मास्तर, बोटीलाही तुमचाच ब्रेक!” बेकरीवाला खिदळला, आणि मास्तरांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

ती काढायला ते वाकले. पेडलच्या मागे हात घातला. तिथे ना तार, ना नळी. लाकडाची फळी, चार स्क्रू आणि एक स्प्रिंग. मास्तर बराच वेळ वाकूनच राहिले.

“कंबर धरली का?” बाईंनी विचारलं.

“हे कशालाच जोडलेलं नाही,” मास्तर म्हणाले.

“नाही.”

“मग गाडी थांबत कशी होती?”

“तुमचा पाय हलला की मी दाबत होते.”

मास्तर ताडकन उठले. डोकं वर आपटलं, ते चोळत म्हणाले, “म्हणजे नव्वद किलोमीटर तू रस्ता सोडून माझ्या पायाकडे बघत होतीस? आरसे कशाला असतात? विद्यार्थी असतीस तर नापास केलं असतं!” ओरडता ओरडता त्यांचा आवाज बसला. “सांगायचंस तरी. येड्यासारखा दाबत बसलो. सगळे हसले असतील.”

“रस्ताही बघत होते,” बाई म्हणाल्या. “पण तो सायकलवाला मला दिसलाच नव्हता. आधी तुमचा पाय दिसला.”

गाडीत कुणी हसलं नाही. सासूबाईंनी उगाच एक बटण लावलं.

बेकरीवाला मागून पुढे सरकला. “मास्तर, स्क्रू ड्रायव्हर आहे. काढून टाकू का ते लाकूड?”

“हात लावून तर बघ!” बाई कडाडल्या. “अजून दोन बोटी बाकी आहेत.”

धक्क्यावरच्या माणसाने साखळी सोडली आणि हात केला. बाईंनी इंजिन चालू करून शेजारी पाहिलं. मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली, उजवा बूट पायपुसण्यावर घासला आणि पेडलवर नीट टेकवला.

“आरसा बघ,” ते म्हणाले.