तुरीवरचे हिंगे
“हातभर फोड व्हते तिच्या. किड्याचंच इख ते...” जलदान विधीच्या दिवशी भांडी घासणाऱ्या शेजारणीचं हे वाक्य कानावर पडलं आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. पुसेगावची माझी मावशी हार्टनं गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. फोडांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी म्हणाली, “पण किडे धरायचा नाद काहून लागला व्हता तिला?” ते फक्त मला माहीत होतं.

लहानपणी मी सुटीत तिच्याकडे जायचे. इंग्रजी शाळेतली, घुमी पोरगी. कुणी काही विचारलं की मान खाली. “बोललं त बाई मारते का गं शाळेत?” मावशी चिडवायची. पण मला भूक लागली आहे की घरची आठवण येते आहे, हे ती न विचारता ओळखायची. तिच्यापुढे बोलावंच लागायचं नाही... याची मला सवय झाली.

यंदा कृषी महाविद्यालयात कीटकसंग्रह करायचा होता. तुरीची फुलं खाणारे, लाल-काळ्या पट्ट्यांचे हिंगे तिच्या रानात पुष्कळ. फोन करायचा मला संकोच वाटतो, म्हणून फोटो पाठवला आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं : हे हवेत, पण हात लावू नको, यांच्या रसानं फोड येतात. मावशीला देवनागरीच वाचता यायची. हे मी विसरले होते की टाइप करायचा कंटाळा केला, ते अजून मला ठरवता येत नाही. तिचा लगेच फोन आला, “कालेजात किडे भरती करून राहिले का? धरून ठेवते, ये.” मी नुसती हसले. रानात जन्म गेलेल्या बाईला हिंगे ठाऊक असणारच, असंही मन म्हणतं. मग तिनं उघड्या हातानं का धरले?

फोड आठवड्यात सुकले होते, असं काका, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेली. एवढ्याशा फोडांनी माणूस दगावत नाही, असं आमच्या सरांनीही सांगितलं. तरी मला सुटल्यासारखं वाटलं नाही.

गेल्या रविवारी पुसेगावला गेले. काकांनी फळीवरून लोणच्याची एक बरणी काढली. तोंडाला फडकं बांधलेलं, आत मेलेले हिंगे आणि वाळलेली तुरीची फुलं. ती रोज ताजी फुलं घालायची म्हणे.

“फेकून देऊ का?” काका म्हणाले. “कशाला जमवून राहिली विचारलं, त नुसती हसायची.”

मान हलवली असती तरी भागलं असतं.

“माझ्यासाठी, काका,” मी म्हणाले. “हात लावू नको, हे मी तिला तोंडानं सांगितलंच नाही.”