टाळूचा वास

साथीच्या तापातून बायको उठली, पण तिचं नाक मागंच राहिलं. वास गेला आणि त्याच्याबरोबर चवही गेली. जिभेवर उरलं नुसतं गोड, खारट, आंबट, तिखट. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्षं गेली, आला नाही. तेव्हापासून आमच्या नांदेडच्या घरात वास घ्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि त्यात मी कच्चा आहे.

उन्हाळ्यात दुपारी कूलरचा वाळा भिजतो, पडदे ओढलेल्या खोलीत गार, हिरवट अंधार पसरतो. मी पेंगत असतो. ती फोडी पुढं करते. "खरबूज कसं लागायलंय?"

"छान."

"छान तर टरबूजही असतंय."

मग डोळे मिटून शोधावं लागतं. टरबुजाला वास पाण्याचा. खरबूज मात्र पिकलं की त्यात थोडं जनावर येतं, उन्हात झोपलेल्या मांजरीच्या पाठीसारखं उबदार. वाळा म्हणजे माठाचा तळ. माहूरच्या तांबुलात आधी पान, मग बडीशेप, आणि गिळल्यावर घशात रेंगाळणारं काहीतरी जडसर, गोडसर. त्याला मी एकदा कस्तुरी म्हणालो.

"तुम्ही कधी हुंगली कस्तुरी?" तिनं विचारलं.

नव्हती हुंगली. शब्द संपले की माणसं कस्तुरी म्हणतात.

यंदा लेक बाळंतपणाला आली, मुलगी झाली. बारशाला लातूरहून व्याही आणि विहीणबाई आले. आमच्याकडे पाहुण्यांना अत्तराचा फाया देतात. उन्हाळ्यात वाळ्याचा, थंडीत हिन्याचा, कारण हिना उष्ण. इथं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दोन्ही कुप्या सारख्याच, आणि बायकोनं भर वैशाखात सगळ्यांच्या हाती हिना दिला. धुरासारखा, ओल्या मातीसारखा, पेटीतून काढलेल्या घोंगडीसारखा तो वास घरभर दाटला. विहीणबाईंनी सभ्यपणे फाया रुमालात गुंडाळला. व्याही शिंकत सुटले. कुपी मीच काढून दिली, असं मी म्हणालो. कुणालाच ते पटलं नाही. चेहऱ्यांवरून बायकोला काय ते कळलं आणि ती मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेली. त्या क्षणी मला तिची इतकी माया आली की पंगत टाकून मागं जावंसं वाटलं.

पुढं रोज ती नातीला न्हाऊ घाली, ओव्या-शेपेची धुरी देई आणि मग तिच्या केसांत नाक खुपसून बसे. दरवेळी चेहरा तसाच कोरडा वर येई. मी पाहायचो आणि पेपर पुढं धरायचो.

लेक लातूरला जायच्या आदल्या दुपारी बायको नातीला घेऊन माझ्यापाशी बसली.

"उद्या जाईल ही. टाळूला कसला वास येतो, तेवढं सांगा. मला लई ऐकावं वाटायलंय. अन् छान म्हणू नका."

मी वाकलो. आधी धुरीचा धूर आला, मग तेल, मग दुधाची आंबूस वाफ. त्या सगळ्याच्या खाली आणखी एक वास होता, उबदार, किंचित खारट. हिना त्याच्यापुढं फार मोठ्यानं बोलणारा वाटला असता. खरबूज जवळ आलं, पण तेही नव्हे. कूलर घुमत होता, नात झोपेत ओठ हलवत होती, आणि मला एकदम उमगलं की हा वास मी ओळखतो. या वयात सांगायची लाज वाटली.

"सांगा की."

"तुझ्या मानेचा वास येतोय हिला," मी म्हणालो. "अंबाड्याखाली येतो ना, तो."

तिनं नातीचं दुपटं सारखं केलं.

"माझ्या मानेला वास येतो?"

"लग्न झाल्यापासून येतो."

"अन् आता सांगायलात?"

तिनं नातीला माझ्या मांडीवर दिलं, हात मागं नेऊन मानेवरून फिरवला आणि बोटं नाकाशी धरली. तिला काहीच आलं नसणार. तरी तिनं हात खाली घेतला नाही.