आईची सुटलेली खोली

मंडळी, आज सकाळी एका कामासाठी खालापूरच्या कोर्टात गेले होते. तिथे गरिबांना मोफत वकील मिळतो. माझ्या शेजारी बाकावर एक बाई रडत बसली होती. घरमालकाने तिला आजच्या आज खोली सोडायला सांगितलं होतं.

एक तरुण वकीलबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "ताई, कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. तुमच्या बाजूने मी उभी राहीन. फी नाही."

"म्हंजे मी घरी जाऊ?"

"जा की. स्वयंपाक करा."

मला आई आठवली. सत्तरच्या दशकात बाबा वारले आणि खोपोलीतल्या आमच्या घरमालकाने आम्हाला निघायला सांगितलं. दाद कुणाकडे मागायची, हेच आईला ठाऊक नव्हतं. भांडीकुंडी बांधून आम्ही पोशीरला मामाकडे आलो.

मामाने काही कमी केलं नाही. पण खोपोलीहून कुणी आलं की आई विचारायची, "आमच्या खोलीत आता कोन ऱ्हातं रं?" मरेपर्यंत विचारत राहिली.

आज ती बाई डोळे पुसत निघाली, तेव्हा मी उगाचच फाटकापर्यंत तिच्यामागे गेले.

तुमच्याही घरात कुणाचा जीव असा सुटलेल्या घरात अडकून राहिला होता का?