लिंबाजी पेंटरची पोरं

लिंबाजीमामा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊनच, अशी आमची खात्री होती. आदल्या दिवशी त्यांनी नाक्यावरच्या सायकल दुकानाची भिंत रंगवली होती, आणि माझा धाकटा भाऊ भास्कर, म्हणजे आमचा भाश्या, त्याने रंग वाळतो न वाळतो तोच तिच्यावर कोळशाने दुकानदाराला एक सणसणीत शिवी लिहून ठेवली होती. मी शिवणयंत्रावर बसले होते. रंगाचे डाग पडलेला पायजमा, कानावर पेन्सिल, हातात तपकिरीची डबी, असा माणूस दारात बघून आईने काही न विचारताच केरसुणी उचलली. आमच्या दारात अनोळखी माणूस येई तो भाश्याचं गाऱ्हाणं घेऊनच.

मामा म्हणाले, "आक्का, मारू नका. शिवी वंगाळ हाय, पण अक्षर लई झ्याक हाय. दोरी न मारता एका ओळीत काढलंय पोरानं. कामाला देता का?"

आई केरसुणी धरून तशीच उभी राहिली. आमचे वडील गेल्यापासून भाश्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं तिने ऐकलं नव्हतं. हा माणूस प्यालेला तर नाही ना, असं तिने मला डोळ्यांनीच विचारलं. मी 'नाही' अशी मान हलवली. भाश्या मागच्या दाराने पळायच्या बेतात होता, तो तिथेच घुटमळला.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी आम्ही उस्मानाबादेत मोडायचो. जिल्हा झाला म्हणून आमच्या नळाला काही धार आली नाही, उलट पाऊस रुसला आणि टँकरवर दिवस काढायची पाळी आली. पेंटर लोकांची मात्र चंगळ झाली. औशापासून उदगीरपर्यंत शाळा, दवाखाने, सोसायट्या, सगळ्यांच्या पाट्यांवरचा 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' लिहायचं होतं. मामा मूळचे मुखेडचे. याच कामासाठी खांद्यावर शिडी टाकून आले आणि पुढे आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहिले.

आता उस्मानाबाद केवढं लांबलचक आणि लातूर केवढंसं! पाटीवर चांगली हातभर जागा उरायची. बाकीचे पेंटर अक्षरं ताणून ती भरायचे. मामांनी तिथे फूल काढायची रीत पाडली, आणि ते फूल स्वतः कधी काढलं नाही. ते पोरांनी काढायचं, ज्याने त्याने आपल्या मनाचं. भाश्याने काटेरी करडईचं फूल धरलं. एका साहेबाने विचारलं की सरकारी पाटीवर फूल कशाला. मामा म्हणाले, जागा मोकळी ठेवली तर उद्या कोणीतरी तिथे मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात चिकटवील, त्यापेक्षा फूल बरं. साहेबाला ते लगेच पटलं.

पोरं म्हणजे कोण, तर ज्यांना बघून एष्टी स्टँडवर लोक खिसा चाचपतात ती. चौकीतला हवालदारच एखाद्याला कॉलर धरून आणायचा आणि 'पेंटर, हे घ्या आणखी एक' म्हणून सोडून जायचा. मामा त्या पोराला काही विचारत नसत. पोरगं आपणहून सांगायला लागलं तर तपकीर ओढून म्हणत, "कालचं नको सांगू. त्याच्यावर अस्तर मारलंय." अस्तर म्हणजे रंगाच्या आधी मारायचा हात. मामांच्या बोलण्यात ते सारखं यायचं. माझ्या शिवणातल्या अस्तराशी त्याचा काही संबंध नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ब्रश लगेच मिळायचा नाही. आधी रॉकेलमध्ये ब्रश धुवायचे, मग जुन्या वर्तमानपत्रावर उभ्या रेघा ओढायच्या, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. हात थरथरला तर मामा रागवत नसत, चहा पाजत. "थरथरतोय म्हंजी भ्या वाटतंय. भ्या वाटतंय म्हंजी काम चांगलं करायचं मनात हाय," हे त्यांचं गणित. खरं गणित मात्र त्यांना मुळीच येत नसे. कोरी पाटी लिहायला घेतली की सुरुवातीची अक्षरं पाटलासारखी ऐसपैस आणि शेवटची एकमेकांच्या मांडीवर. मी हसले की म्हणायचे, "शकुबाई, एष्टीत कसं, आलेल्याला जरा सरकून जागा द्यावी लागती."

भाश्या रमला. पण गल्लीत त्याला कोणी जवळ करेना, आणि त्याला कारण होतं. मामा यायच्या आधी आमच्या बुद्धविहाराचा भोंगा चोरीला गेला होता. लोकांनी रोजगार हमीवर खडी फोडून घेतलेला भोंगा. भाश्याने तो नेऊन विकला, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो कबूल होत नव्हता. विहाराचे प्रमुख वाघमारे गुरुजी आईला स्वच्छ सांगून गेले होते की वैशाख पौर्णिमेपर्यंत मी थांबतो. त्याने कबूल केलं तर ठीक, नाहीतर मी स्वतः चौकीत नाव देतो, मग पोरगं सुधारगृहात गेलं तर मला बोल लावू नका. आई रात्रंदिवस त्याच घोरात असायची. मी भाश्याला झोडून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. पोरगं मूग गिळून बसलं.

आणि अशात मामांनी काय करावं? विहाराच्या दर्शनी भिंतीवर पौर्णिमेसाठी बुद्धाचं चित्र हवं होतं. गुरुजी मामांना सांगायला आले, तर मामा म्हणाले, भास्कर काढील. गुरुजी उठून उभे राहिले. ज्याने विहाराची चोरी केली त्याचा हात विहाराच्या भिंतीला? मामा म्हणाले, मग माझाही नको. बरीच वादावादी झाली. शेवटी, चित्र बिघडलं तर पुसून टाकायचं आणि चौकीचं ठरल्याप्रमाणे होईल, एवढ्यावर गुरुजी कसेबसे तयार झाले.

भिंतीला आधी चुना द्यायचा होता आणि चुन्याला पाणी हवं. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, ते दिवस. मामांनी भाश्याच्या हातात रिकामी बादली दिली.

"चुना मी देतो, रंग मी देतो. पाणी मातर तूच माग. घरोघर."

मला असा राग आला! मी मशीन सोडून उठले आणि मामांना वाटेल ते बोलले. हे शिकवणं नव्हे, गावासमोर धिंड काढणं आहे, तुम्हाला पोटचं पोर असतं तर कळलं असतं, इथपर्यंत बोलले. मामा चुना चाळत राहिले. मी आईकडे वळले, की निदान आपली कळशी तरी ओत. आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, मी आई आहे, माझं पाणी हिशेबात धरायचं नाही.

भाश्या गेला. मी लाज सोडून त्याच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून. पहिल्या घराने त्याला बघून दार लोटलं. दुसऱ्या घरात म्हातारीने विचारलं, आता बादली कुणाची उचललीस? पोराचे कान लाल झाले. तिसरं घर गुरुजींचं. गुरुजींच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, तांदूळ निवडत बसल्या होत्या. कशाला पाणी, त्यांनी विचारलं. भाश्या पुष्कळ वेळ बादलीच्या कडीशी चाळा करत राहिला.

मग म्हणाला, "काकू, भोंगा मीच नेला व्हता. भिंतीला चुना द्यायचाय."

काकू उठल्या. मोरीजवळ भांडी धुतलेल्या पाण्याचं घमेलं भरलेलं होतं. चुन्याला ते चाललं असतं, आणि आम्हीही तेवढ्याचीच आशा धरली होती. काकूंनी माठावरचं झाकण काढलं आणि तांब्या भरून बादलीत ओतला. विहाराच्या भिंतीला खरकटं पाणी कसं द्यायचं, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक दारात भाश्याने तेच वाक्य म्हटलं. काही दारं तरीही बंद झालीच. पण ज्यांनी दिलं त्यांनी पिण्याचं दिलं. मला रस्त्यात रडू आलं, आणि मी काही पटकन रडणारी बाई नाही.

चित्र चांगलं झालं. नाक थोडं आमच्या आईसारखं आलं, तेवढं सोडलं तर. पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटून झाली, लोक पांगले. गुरुजींनी भाश्याला बोलावलं आणि विहाराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. उद्यापासून सकाळी दार उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं, म्हणाले. चौकीचा विषय निघाला नाही.

भाश्या किल्ली घेऊन धावत मामांच्या खोलीवर गेला, तर खोली रिकामी. जिल्ह्यातल्या पाट्या संपल्या होत्या आणि मामांना देगलूरला काम लागलं होतं. आम्ही स्टँडवर गाठलं तेव्हा ते गाडीच्या टपावर शिडी चढवायची खटपट करत होते. भाश्या म्हणाला, मामा, मीही येतो. मलाही वाटलं, न्यावं त्याला. या माणसाशिवाय आमचं पोर काय करील, ही धास्ती मला तेव्हा खरोखर होती.

पुढे मामा मुखेडलाच वारले. आम्हाला कळलं तोवर दिवसकार्यही उरकलं होतं. ते पुन्हा कधी भेटले नाहीत. त्यामुळे मला आठवतात ते त्या दिवशीचे, घामाने निथळलेले, एक हात शिडीला.

मामांनी भाश्याच्या मुठीकडे बघितलं.

"चल की," म्हणाले. "किल्ली कुणापाशी देशील?"

भाश्याने किल्ली खिशात टाकली, शिडीचं दुसरं टोक धरलं आणि वर लोटलं.