दारावर आलेला माणूस

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. माझे यजमान गेले तेव्हा धुळ्यात देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत लोक जवळजवळ तीन महिने दारावर येत होते. सावद्याकडची, म्हणजे त्यांच्या गावाकडची मंडळी उशिरा उशिरा आली. केळीची कापणी चालू होती. पुरुष बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसत, मी आत भिंतीला टेकून असे, आणि सासूबाई मधल्या उंबऱ्याशी बसून सगळं पहिल्यापासून सांगत.

खरं तर सांगण्यासारखं थोडंच होतं. यजमान कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. दुपारी जेवायला घरी आले, हात धुताना छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. पण येणारा प्रत्येक जण विचारी, आधी काही त्रास होता का? नाही म्हटलं की तो नुसता बसून राही. सासूबाईंना ते सोसत नसावं. महिनाभरात त्यांच्या सांगण्यात दिवाळी आली, दिवाळीत पोराची छाती भरून येणं आलं, मग भुसावळचा डॉक्टर आला. मी आतून ऐकत होते. एवढं दुखणं यांनी माझ्यापासून लपवलं, असं वाटून मी मनातल्या मनात यजमानांवर रागावले होते. गेलेल्या माणसावर रागावलं की फार थकायला होतं. समोरून काही येतच नाही.

विम्याचा दावा तोवर केलेला होता. पॉलिसी घेऊन दीडच वर्ष झालं होतं. एजंट यजमानांचे ओळखीचे. ते म्हणाले, "वहिनी, दोन वर्षांच्या आत माणूस गेला की कचेरी चौकशी करतेच. आधीचं दुखणं लपवून पॉलिसी घेतली नाही ना, एवढं पाहतात. भाऊंना काय होतं? काळजी करू नका."

मी बी.ए. झाले होते. बी.एड.चं एक वर्ष कसंबसं निभलं असतं, तर शिक्षिकेची नोकरी मिळाली असती आणि दोन्ही मुलींना घेऊन मला धुळ्यातच राहता आलं असतं. सगळं त्या विम्यावर होतं. नाहीतर चाळीसगावला भावाकडे जायचं. भाऊ चांगला होता. वहिनीने आमच्यासाठी मागची खोली रिकामी करायला घेतली आहे, असं त्यानेच एकदा सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

एका दुपारी एक गृहस्थ आले. चपला बाहेर काढून, मान खाली घालून सतरंजीवर बसले. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि सांगायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मला त्या गृहस्थांचा आवाज ऐकू आला, "कोणता डॉक्टर? दिवाळीच्या आधी की नंतर?" दारावर आलेलं माणूस असं विचारत नाही. मी उठून उंबऱ्याशी गेले.

"आपण कुठून आलात?"

"विमा कचेरीतून, ताई. आजींना आल्याआल्या सांगितलं मी."

त्यांनी सांगितलं होतं, यात शंका नव्हती. पण सासूबाईंच्या लेखी जो येऊन सतरंजीवर बसला तो दारावरच आलेला. त्या गृहस्थांच्या मांडीवरचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता.

शेजारच्या अक्का संध्याकाळी हळूच म्हणाल्या, "बठ्ठं सांगी टाकं का आईनी?"

"बठ्ठं. अगदी सगळं," मी म्हटलं.

पुढे कचेरीचं पत्र आलं. भुसावळच्या डॉक्टरांकडचे कागद येईपर्यंत दावा थांबवला होता. सासूबाईंना पत्ता विचारला तर त्या कितीतरी वेळ तांदूळच निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "टेसनाच्या मांगं. जिना हाये."

मी एसटीने भुसावळला गेले. डॉक्टर वयस्कर होते. मी यजमानांचा फोटो पुढे ठेवला.

"हा पेशंट नव्हे," ते म्हणाले. "हा आईला पाठुंगळीवर घेऊन माझा जिना चढला होता. धापसुद्धा लागली नव्हती पठ्ठ्याला. छातीचं दुखणं आईचं. आहेत का त्या?"

"आहेत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. जे बोलले ते कागदावर लिहून दिलं.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीच त्याले म्हनलं व्हतं, सूनबाईले सांगू नको. म्हातारी आता अंगावर पडली असं वाटीन तिले." मग म्हणाल्या, "मंग लोकाइले सांगता सांगता मले तसंच दिसू लागलं. त्याच्याच छातीत दुखते, अन् मी त्याले घेऊन चालली."

चौकशीचे गृहस्थ पुन्हा आले. डॉक्टरांचा कागद होता, तरी सासूबाईंचा नवा जबाब हवा होता. या वेळी ते चहा नको म्हणाले.

"घे ना भाऊ. त्या दिवशी तं पेला. दारावर येऊन चहा पेला, अन् लिवून नेलं."

"आजी, माझं कामच ते आहे."

"मंग लिव. दुखणं माहं. डाक्टर माहा. त्याले काहीच नव्हतं. छाती माही दुखे, अन् मी अजून बसेल हाये."

शेवटचं त्यांनी लिहून घेतलं नाही. सासूबाईंचा अंगठा त्यांनी स्वतःच शाईला लावला आणि आपल्या रुमालाने पुसून दिला.

दावा मंजूर झाला. जूनमध्ये मी बी.एड.ला प्रवेश घेतला. मुलींची शाळा बदलावी लागली नाही. सासूबाई आमच्याकडेच राहिल्या. घरातलं सगळं करत, पण यजमानांविषयी पुन्हा कोणाशी बोलल्या नाहीत. कोणी आलं की उठून मागच्या अंगणात जात. धाकटी एकदा त्यांना विचारत होती, बाबा लहान होते तेव्हा झाडावर चढायचे का?

"तुह्या मायले पुस," त्या म्हणाल्या. "तिले खरं मालूम असते."

ती माझ्याकडे आली. यजमानांचं लहानपण मला माहीत नव्हतं. ते सांगू शकेल असं सासूबाईंशिवाय घरात दुसरं कोणी नव्हतं.