पॉलिसीतली कमल

परवा पांढुर्ण्यात बँकेत गेले होते. धाकटा भाऊ वारला, खात्यावरचं त्याचं नॉमिनीचं नाव काढायचं होतं. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, आता कोणाचं लिहू आजी? ...मला एकही नाव सुचेना.

घरी आल्यापासून जुनं सगळं आठवून राहिलं. फोनमध्ये बोलून टाइप करतेय, चुका पोटात घाला.

नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आम्ही सौसरवाले मध्य प्रदेशात राहिलो, त्या सालची गोष्ट. आमचे हे मोहगावला मास्तर. लग्नाची नवलाई सरली नव्हती अन् टायफॉइडने गेले.

माझं माहेरचं नाव कमल. पण थोरल्या नणंदेचंही तेच, म्हणून सासूबाईंनी लग्नात बदलून सुशीला केलं. ताटात तांदूळ पसरून ह्यांनीच अंगठीने ते नाव लिहिलं... अन् खोलीत मात्र कमलच म्हणायचे.

ह्यांनी विमा काढला होता, हे मला ठाऊकही नव्हतं. मागाहून पेटीत पॉलिसी सापडली. नॉमिनीच्या जागी नाव कमल, अन् नात्याचा रकाना कोरा! एजंट ओळखीचा... चहा पिता पिता त्याने फॉर्म भरला असेल, ह्यांनी सही ठोकली असेल. पोरांच्या पाटीवरची एक मात्रा सोडायचे नाहीत, पण स्वतःचा कागद काही वाचला नाही.

मग काय! दीर म्हणाले, कमल म्हणजे आमची ताई, त्यात विचारायचं काय. सासरच्या घराबाहेर मला कमल म्हणून ओळखणारं सौसरमध्ये काळं कुत्रंही नव्हतं. आईवडील आधीच गेलेले, भाऊ लहान, काका वरुडला अंथरुणाला खिळलेले. विमा ऑफिसने मृत्यूचा दाखला अन् मूळ पॉलिसी मागवून घेतली आणि कळवलं, ही कमल कोण ते तहसीलदारासमोर साक्षीने सिद्ध करा.

तो पैसा मिळाला नसता तर मला कुठेच थारा नव्हता. पण खरं सांगू? ह्यांनी खरंच बहिणीचं नाव लिहिलं असेल तर, हा किडा डोक्यातून जाईना. विचारणार कोणाला? एजंटही तोवर गाव सोडून गेलेला. भरल्या घरात मी एकटी पडले होते.

तारखेला साक्षीला सासूबाई आल्या. बाई कडक, मला कधी सरळ बोलल्या नाहीत. दिरांनी पढवून आणलं असणार, असं समजून मी मान खाली घातली. ताई शेजारीच उभ्या होत्या.

सासूबाईंनी पदर सावरला अन् म्हणाल्या, "साहेब, हिचं नाव म्या बदलवलं. माह्या पोरानं नाही बदलवलं. तो हिले कमलच म्हणे... म्या भिताडाआडून आयकलं हाये."

ताईंनीही मान हलवली, आई खरं सांगते म्हणाल्या. मी तिथेच, सगळ्या कचेरीसमोर, हमसून हमसून रडले. ह्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा.

क्लेम मिळाला. त्यावर मी छिंदवाड्याला ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले, जन्म निघाला. सासूबाई त्या दिवसापासून मला कमलच म्हणायच्या, अगदी जाईपर्यंत. त्यांच्यामागे माहेरचा तो एक भाऊ होता, पण तो मला ताईच म्हणायचा. बाकीच्यांसाठी मी सुशीलाबाई, मग मॅडम, आता आजी...

म्हणून सांगते पोरांनो, नॉमिनीचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. नातं लिहा, भरलेला फॉर्म स्वतः वाचा, अन् पॉलिसी कुठे ठेवली ते घरात सांगून ठेवा.

आणि माझं एक काम करा. खाली कॉमेंटमध्ये 'खूप छान आजी' नका लिहू. नुसतं कमल लिहा... लई वर्षं झाली कोणी हाक मारून.